दार उघडे, पण वस्तीपासून किती लांब?

नामपुरात काय नाही, असे विचारले तर बागलाणातला कोणीही हसून म्हणेल, सगळे आहे. स्वतंत्र कृषी उत्पन्न बाजार समिती आहे, करंजाडला तिचा उपबाजार आहे. कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. ग्रामीण रुग्णालय आहे, बँका आहेत, महाविद्यालय आहे, मेडिकल आहेत, कापडाची आणि मोबाईलची दुकाने आहेत. मोसम खोऱ्यातील गावे आपापल्या गरजा घेऊन नामपूरला येतात. जे नामपुरात नाही त्यासाठी वीस-बावीस किलोमीटरवर सटाणा आहे, तीसेक किलोमीटरवर मालेगाव आहे. म्हणजे नकाशावर बोट ठेवून पाहिले तर या भागातील माणूस शहरी सोयींपासून फारसा दूर नाही. सरकारी दप्तरातही तशीच नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारेच पुढची कामे मंजूर किंवा नामंजूर होतात.

हीच नोंद आपल्या समाजाला महागात पडते आहे.

गेल्या पावसाळ्यात याच खोऱ्यातील एका गावी आपल्या वस्तीत बैठक होती. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. विषय जातीच्या दाखल्यांचा होता. बैठक संपता संपता कांद्याच्या खळ्यावर कामाला जाणारी एक माउली उठली आणि म्हणाली, "दवाखाना काय दूर शे का दादा? पन रातले कोन लई जाई?" मी वकील माणूस, उत्तर देण्याची सवय असलेला. पण त्या रात्री मला उत्तर सुचले नाही. त्या वस्तीतून डांबरी रस्त्याला लागायचे तर नाला ओलांडावा लागतो. नाल्याला पाणी आले की रिक्षावाला पलीकडे उभा राहतो. दवाखाना कागदावर सहा किलोमीटरवर आहे आणि तो खरोखरच तेवढा आहे. फक्त ते सहा किलोमीटर गावाच्या चौकातून मोजलेले आहेत, त्या माउलीच्या उंबऱ्यापासून नाही.

वाचकहो, आजचा मुद्दा एवढाच आहे. अंतर कुठून मोजायचे?

आपली चळवळ सध्या जनगणनेविषयी बोलते आहे. २०२७ च्या जनगणनेत जात मोजली जाणार, याचे आपण स्वागत केले आणि ते योग्यच केले. त्या जनगणनेच्या घरयादीच्या टप्प्यासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ ठरवण्यात आला. परंतु जनगणना खाते अंतर कसे मोजत आले आहे, इकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष आहे? २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडून पाहा. प्रत्येक गावासमोर शाळा, आरोग्य केंद्र, बँक, टपाल कार्यालय, बस अशा सोयींचे रकाने आहेत. सोय गावात असेल तर 'आहे' अशी खूण. नसेल तर ती किती लांब आहे याचे तीन गट: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढे. बस्स. सोय गावात 'आहे' असे एकदा लिहिले की अंतराचा प्रश्नच मिटला. मग ती सोय पाटलाच्या वाड्याला लागून आहे की वस्तीच्या तोंडाशी आहे, वस्ती आणि गाव यांच्यामध्ये नाला आहे की रेल्वे रूळ, हे विचारणारा रकानाच नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला हजारो वर्षे गावात जागा नव्हती. मात्र सोयी मोजण्याची वेळ आली की त्याच माणसाला झटकन गावात धरले जाते! हा विनोद नाही, ही सांख्यिकी आहे.

पाण्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. पाण्याची जागा घराच्या आवारात, जवळ की दूर, असे घरयादीत विचारले जाते. 'जवळ' म्हणजे किती? शहरात १०० मीटरच्या आत. खेड्यात ५०० मीटरच्या आत. एकाच देशात, एकाच खात्याने, बाईच्या डोक्यावरच्या हंड्यासाठी दोन मापे ठरवली. जरा हिशेब करू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी लागते. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. हंडा-कळशी मिळून एका खेपेला २५ लिटर पाणी येते असे धरले तर अकरा खेपा. जाऊन-येऊन एक किलोमीटरची एक खेप, म्हणजे अकरा किलोमीटर. रोज अकरा किलोमीटर चालणाऱ्या बाईच्या घरापुढे सरकार 'पाणी जवळ' असे लिहिते. २०११ साली देशातील ४६.६ टक्के कुटुंबांना घराच्या आवारात पाणी होते. अनुसूचित जातींच्या कुटुंबांत हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होते आणि आदिवासींमध्ये २० टक्क्यांच्याही खाली. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ पासून सुरू झाले, त्यानंतर नळ वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याने गावची नळयोजना पाहिली आहे त्याला माहीत असते की जलवाहिनीचे शेवटचे टोक बहुधा कोणत्या वस्तीत येते आणि दाब कमी झाला की प्रथम कोणाचा नळ कोरडा पडतो.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. ठीक आहे, माझे राहू द्या. अंजली अदुकिया, सॅम अशर, कृतार्थ झा, पॉल नोवोसाड आणि ब्रँडन टॅन या अभ्यासकांनी देशभरातील सुमारे १५ लाख मोहल्ल्यांची माहिती तपासली. २०११ ते २०१३ या काळातील सरकारी गणनांचीच ती आकडेवारी होती. अनुसूचित जातींची आणि मुस्लिमांची संख्या जिथे जास्त, त्या मोहल्ल्यांत सरकारी शाळा, दवाखाना, पाणी, गटार या सोयी कमी, असे त्यांना आढळले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे पुढेच आहे. ही विषमता जिल्ह्याजिल्ह्यात किंवा शहराशहरात तेवढी दिसत नाही, ती दिसते एकाच शहराच्या पोटात, एका मोहल्ल्यापासून दुसऱ्या मोहल्ल्यापर्यंत. म्हणजे निधी मंत्रालयातून निघतो तेव्हा कदाचित समान निघतो. त्याला जात चिकटते ती शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये. दवाखान्याची जागा कोणती, बसथांबा कुठल्या वळणावर, रेशन दुकान कोणाच्या ओट्यावर, हे जिथे तोंडी ठरते तिथे.

बाबासाहेबांच्या लढ्याकडे या अंगाने पाहा. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. त्यातील यादी कशाची होती? सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने. आजच्या भाषेत ज्यांना नागरी सुविधा म्हणतात त्यांचीच ती यादी आहे. १९२७ च्या महाडकडे आपण समतेचा संगर म्हणून पाहतो, तो होताच. पण बाबासाहेबांनी महाडविषयी लिहिताना एक साधी गोष्ट नोंदवून ठेवली आहे. आजूबाजूच्या खेड्यांतील अस्पृश्य बाजारासाठी आणि सरकारी कामासाठी महाडला येत. गावातल्या अस्पृश्य वस्तीत एक विहीर होती, पण ती गावाच्या मध्यापासून लांब होती. बाहेरून आलेल्या माणसाला जवळचे पाणी म्हणजे चवदार तळे. म्हणजे पाणी नव्हते असे नाही, ते होते, पण लांब होते. जवळचे पाणी दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली.

त्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते सर्वांना खुले केले. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(झेडए) आले. पाणवठा, रस्ता, सार्वजनिक वाहन, स्मशानभूमी, शाळा, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, दुकान यांचा वापर करण्यास अडवले तर तो गुन्हा ठरतो. हे कायदे आपल्या रक्ताने मिळालेले आहेत आणि त्यांचा वापर झालाच पाहिजे. मात्र इतकी वर्षे कोर्टात उभे राहून मला त्यांची एक मर्यादा कळली आहे. हे सर्व कायदे बंद दाराविरुद्ध आहेत. दार बंद करणारा माणूस असतो, त्याचे नाव फिर्यादीत लिहिता येते, साक्षीदार आणता येतात. पण दार उघडेच ठेवले आणि ते फक्त वस्तीपासून दोन किलोमीटर लांब बांधले, तर? आरोपीच्या रकान्यात कोणाचे नाव घालणार? अंतराला आरोपी नसतो. मनुवादी मानसिकता बंद दाराच्या जागी लांबचे दार ठेवायला शिकली आहे आणि आपण अजून कुलूप शोधत आहोत.

शासनाला अंतर मोजता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. हवे तेव्हा ते फार काटेकोर मोजता येते. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. हा नियम असतानाच डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांची टूम निघाली. तेव्हा किलोमीटरची आठवण कोणाला झाली नाही, झाली असेल तर 'मुलांना वाहनाची सोय करू' एवढ्यापुरती. आणि ९ फेब्रुवारी २०२४ ला काय झाले? खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला गरिबांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट, अशी अधिसूचना राज्य सरकारने काढली. म्हणजे आपल्या मुलाला शाळा जवळ आणायची तेव्हा किलोमीटर विसरायचा आणि त्याला चांगल्या शाळेच्या बाहेर ठेवायचे तेव्हा टेप घेऊन उभे राहायचे! १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. त्या लढाईत जे पालक आणि संघटना उभ्या राहिल्या त्यांचे आभार मानले पाहिजेत.

आता घरांकडे वळू. रमाई आवास असो की पंतप्रधान आवास, घरकुल मिळते पण जागा लागते. ज्याच्याकडे जागा नाही त्याला जागा घेण्यासाठी अर्थसाहाय्याची योजना २०१५ साली आली, तेव्हा ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला कमाल ५०,००० रुपये धरले होते. एवढ्या पैशात रस्त्यालगतची, बाजाराजवळची जागा कुठे मिळते? मिळते ती गावाच्या टोकाला, गायरानाच्या कडेला, नाल्याच्या काठाला. म्हणजे अनुदानाचा आकडा जिथे ठरतो तिथेच आपल्या घरापासून दवाखान्याचे अंतरही ठरते. घर मिळाल्याचा आनंद असतो, फोटो निघतो. मग पहिला पाऊस येतो.

हे फक्त खेड्यात होते असे नाही. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडल्या आणि २०१७ पासून तेथील कुटुंबांना चेंबूरच्या पलीकडे माहुलला नेले. चारी बाजूंनी तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने, हवेची ती अवस्था. त्यात कामाची ठिकाणे, मुलांच्या शाळा, ओळखीचे दवाखाने सगळे मागे राहिले. त्या लोकांनी लढा दिला, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगून दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. माहुलला घरे होती, पक्की होती, लिफ्टची होती. घर मिळाले पण शहर हातातून गेले, ही तक्रार पहिल्यांदा कोणी ऐकून घेतली असेल तर ती तेव्हा. तिकडे पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो नावाच्या प्राध्यापकाच्या कल्पनेवरून महापौर अॅन हिडाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत 'पंधरा मिनिटांचे शहर' असा कार्यक्रम मांडला. शाळा, दवाखाना, बाजार, बाग सर्व काही घरापासून पंधरा मिनिटांच्या पायवाटेवर. आपल्याकडचे स्मार्ट सिटीवालेही अधूनमधून तो शब्द वापरतात. वापरू द्या. त्यांना फक्त विचारा, पंधरा मिनिटे कोणाच्या घरापासून?

इथे आपल्यालाही थोडे बोलले पाहिजे. दलित वस्ती सुधार योजना १९७४ पासून आहे, पुढे तिचे नाव बदलले. लोकसंख्येच्या गटाप्रमाणे निधी येतो. त्यातून काय होते? वस्तीतला काँक्रीटचा रस्ता, गटार, समाजमंदिर, हायमास्ट. वाईट काहीच नाही. पण तो रस्ता वस्तीत सुरू होतो आणि वस्तीतच संपतो. वस्ती ते दवाखाना, वस्ती ते बसथांबा हा तुकडा त्यात क्वचितच येतो. आपले कार्यकर्ते समाजमंदिर मंजूर करून आणले की हार घालून घेतात. मीही घालून घेतला आहे, नाकारत नाही. पण त्याच वर्षी गावात अंगणवाडीची नवी इमारत वरच्या आळीत बांधली गेली तेव्हा त्या ग्रामसभेला आपल्यातले किती जण हजर होते? आपण वस्तीच्या आतले मागत राहिलो. वस्तीबाहेरच्या सार्वजनिक वास्तू कुठे बांधायच्या हा निर्णय आपण गावावर सोडून दिला. बाबासाहेबांनी तो कधी सोडला नव्हता. जुलै १९४२ च्या नागपूर अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये ती पुन्हा आली. कुठे राहायचे आणि कशाच्या जवळ राहायचे हा त्यांच्या दृष्टीने राजकीय प्रश्न होता.

बसचेही तसेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. चांगला निर्णय आहे, सटाण्याच्या कोर्टात तारखेला येणाऱ्या आपल्या बहिणींचे पैसे वाचतात हे मी रोज पाहतो. पण ज्या फाट्यावर गाडी थांबत नाही तिथे अर्ध्या तिकिटाचा अर्धा म्हणजे किती? मग ती काळीपिवळीत बसते आणि पूर्ण भाडे देते. दाखल्यासाठी सटाणा, गुन्हा नोंदवायला जायखेडा, पडताळणीसाठी नाशिक. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. सवलत मिळते त्याची जाहिरात होते, बुडालेल्या मजुरीची नोंद कुठेच होत नाही. आणि विचारणार तरी कोणाला? नाशिक जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आला, आणि २०२५ साल संपले तरी निवडणूक झाली नव्हती. जागा ठरत राहिल्या, पण ठरवणाऱ्याच्या समोर उभा राहणारा सदस्य नव्हता.

म्हणून ग्रामसभा. कायद्याने वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. तिथे घोषणा देऊन भागणार नाही, मापे घेऊन जावे लागेल. वस्तीतल्या शेवटच्या घरापासून रेशन दुकान किती पावले, अंगणवाडी किती, बसथांबा किती, पावसाळ्यात वाट बंद होते का, झाली तर फेरा किती पडतो. वहीत लिहा, तारीख टाका, दहा जणांच्या सह्या घ्या आणि इतिवृत्तात नोंद करून मागा. इतिवृत्तात आलेली गोष्ट कोर्टात दाखवता येते, भाषणात आलेली दाखवता येत नाही.

एक हत्यार तयार आहे, ते फार कमी लोकांना माहीत आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या अन्न अधिकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केली तर तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी द्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावे, असेही न्यायालयाने बजावले. आदेशातला शब्द लक्षात घ्या, 'वस्ती' आहे, 'गाव' नाही. तो खटला २०१७ मध्ये निकाली निघाला, पण मागणीनुसार अंगणवाडी ही तरतूद योजनेच्या निकषांत आलेली आहे.

त्या नाल्यापलीकडच्या वस्तीतील दोन पोरांना मी सहा वर्षांखालची मुले मोजायला सांगितली होती. आपल्या वस्तीत एकोणतीस भरली. चाळीस होत नाहीत म्हणून पोरे हिरमुसली, तेव्हा शेजारच्या भिल्ल वस्तीतही जाऊन या म्हटले. तिथे सतरा निघाली. दोन्ही वस्त्यांची अंगणवाडी नाल्याच्या अलीकडे, गावात आहे. एकत्र अर्ज टाइप करून ठेवला आहे, प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावाने. सह्या आणि अंगठे रविवारी घ्यायचे आहेत.